शब्द घसरतो, प्रत्यय जागेवर राहतो : प्रकल्प नोंदी

२ जून

विषय मान्य झाला. अर्जात मी लिहिलं होतं, ‘माणूस भाषा कशी समजतो आणि कशी बोलतो’. मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहून पाठवलं : ‘आणि उरलेल्या वेळात काय करणार?’ मग विषय छाटला. आता दोनच कामं आहेत. बोलताना जीभ घसरते त्या चुकांची एक वही (लाल), आणि वाक्य वाचताना माणूस कुठे अडखळतो ते मोजणारा एक छोटा प्रयोग (निळी वही). दोन्ही मराठीत. या दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध, असं मॅडमनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. “मग तेच शोध,” म्हणाल्या.

४ जून

चुकांची वही ठेवणारी मी काही पहिली नाही. रुडॉल्फ मेरिंगर या भाषाभ्यासकाने कार्ल मायर या डॉक्टरच्या जोडीने १८९५ साली जर्मन बोलण्यातल्या चुकांचा संग्रह छापला होता. सहा वर्षांनी फ्रॉइडने त्यातली उदाहरणं उचलली आणि प्रत्येक चुकीमागे दडलेली इच्छा शोधली. मेरिंगरला ते पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. कुणी ‘टेबलावर पुस्तक ठेव’ऐवजी ‘पुस्तकावर टेबल ठेव’ म्हणालं, तर त्यामागे कोणती दडपलेली वासना असणार?

खरं वळण आलं १९७१ साली. व्हिक्टोरिया फ्रॉमकिनने दाखवलं की चुकासुद्धा नियम पाळतात. घसरलेली जीभ त्या भाषेत न बसणारा ध्वनिक्रम सहसा काढत नाही. मराठी माणसाची जीभ घसरली, तरी ती मराठीतच घसरते. चूक कुठे झाली यापेक्षा चुकीच्या आजूबाजूला काय शाबूत राहिलं, ते पाहायचं.

वहीचे नियम ठरवले. ऐकल्याबरोबर शब्दशः लिहायचं, घरी जाऊन आठवून नाही. बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं, ते त्यालाच विचारायचं. स्वतःहून दुरुस्ती केली का, केली तर कशी, तेही टिपायचं. बोलीतला वेगळा उच्चार ही चूक नव्हे, तो वहीत येणार नाही. कुणाचं नाव नाही, आद्याक्षरंही नाहीत.

९ जून

आज वहीला पहिला खरा ऐवज मिळाला. दारात उभं राहून खिसे चाचपणाऱ्या माणसाच्या तोंडून :

‘अरे, किल्लीचं दार कुठंय?’

म्हणायचं होतं, ‘दाराची किल्ली कुठंय?’ सगळे हसले, मी वही काढली. रात्री या एका वाक्यावर दोन तास गेले.

दार आणि किल्ली यांनी जागा बदलल्या, एवढंच दिसतं. पण नीट पाहा. शब्द जसेच्या तसे उचलून एकमेकांच्या जागी टाकले असते, तर ‘किल्ली दाराची कुठंय’ असं झालं असतं. तसं झालं नाही. षष्ठीचा प्रत्यय पहिल्याच जागेवर थांबला, फक्त त्याच्या पुढचं नाम बदललं. ‘दारा’ हे सामान्यरूप मूळ ‘दार’ होऊन पुढे गेलं. आणि सगळ्यात भारी म्हणजे ‘ची’चं ‘चं’ झालं! किल्ली स्त्रीलिंगी, म्हणून ‘दाराची’. दार नपुंसकलिंगी, म्हणून ‘किल्लीचं’. चूक करणाऱ्याने चूक तर केली, पण तिचं व्याकरण चोख ठेवलं.

याचा अर्थ, नामांची अदलाबदल झाली तेव्हा प्रत्ययाचं रूप अजून ठरलेलंच नव्हतं. वाक्याचा सांगाडा तयार होता : इथे एक नाम, त्याला षष्ठी, पुढे दुसरं नाम. त्या सांगाड्यात नामं चुकीच्या खणांत पडली आणि त्यानंतर कुणीतरी येऊन लिंग-वचन जुळवून दिलं. त्या ‘कुणीतरी’ला चूक झाल्याचा पत्ताच नव्हता. मेरिल गॅरेटने १९७५ साली इंग्रजी चुकांवरून हेच मांडलं : शब्द हलतात, व्याकरणी प्रत्यय मागे राहतात. इंग्रजीत मागे राहायला फारसे प्रत्ययच नाहीत. मराठीत तर सामान्यरूप, विभक्ती, लिंग, वचन अशी अख्खी वरात असते. हे काम मराठीत करायला हवं असं मला वाटतं, ते त्यासाठीच.

१० जून

आज काहीच नाही. दिवसभर लोक शुद्ध बोलत होते, किंवा मी ऐकत नव्हते.

१३ जून

‘परम गाणी’. हवं होतं ‘गरम पाणी’.

ही वेगळ्या जातीची चूक आहे. इथे शब्द जागेवरच आहेत, फक्त त्यांचे पहिले व्यंजन बदलले. गॅरेटची दुसरी गोष्ट इथे जुळते. शब्दांची अदलाबदल होते तेव्हा दोन्ही शब्द बहुधा एकाच जातीचे असतात, नाम नामाच्या जागी जातं, आणि ते वाक्यात लांबलांब असले तरी चालतं. ध्वनींची अदलाबदल मात्र शेजारच्या शब्दांत होते आणि तिला शब्दाची जात दिसत नाही. ‘गरम’ विशेषण, ‘पाणी’ नाम, कुणाला फिकीर नाही. म्हणजे डोक्यात निदान दोन टप्पे असावेत : एकात शब्द खणांत पडतात, दुसऱ्यात त्यांचे आवाज लावले जातात. पहिल्या टप्प्याला लांबचं दिसतं, दुसऱ्याला हाताशी असलेलंच.

शिवाय ‘परम’ आणि ‘गाणी’ दोन्ही खरे शब्द निघाले. हा निव्वळ योगायोग नसावा. बार्स, मोटली आणि मॅके यांनी १९७५ साली प्रयोगशाळेत लोकांना शब्दांच्या जोड्या भराभर वाचायला लावून मुद्दाम जीभ घसरवली होती. अदलाबदलीतून खरा शब्द तयार होत असेल, तर घसरण जास्त होते असं त्यांना आढळलं. तोंडाबाहेर पडण्याआधी आत कुणीतरी चाळणी लावून बसलेलं असतं, आणि ‘परम’ त्या चाळणीतून सुटतो कारण तो शब्दासारखा दिसतो.

पण एक शंका. खऱ्या शब्दांच्या चुका जास्त होतात, की खऱ्या शब्दांच्या चुका मला जास्त ऐकू येतात? ‘टोठी मोपी’ (मोठी टोपी) ही चूक मला काल अर्धवट ऐकू आली होती आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

१५ जून

या शंकेचा पिच्छा पुरवला. एका मैत्रिणीबरोबरच्या माझ्याच गप्पा, तिच्या परवानगीने, रेकॉर्ड केल्या आणि घरी दोनदा ऐकल्या. बोलताना दोघींपैकी एकीलाही न जाणवलेल्या चुका त्यात निघाल्या. ‘निळी वही’ऐवजी मी स्वच्छ ‘विळी वही’ म्हणाले होते. पुढच्या शब्दातला ‘व’ आधीच येऊन बसला. ती त्यावर हसली नाही, तिने मला वही दिली.

रिचर्ड वॉरनचा १९७०चा प्रयोग आठवला. त्याने रेकॉर्ड केलेल्या वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी पूर्ण कापून काढला आणि तिथे खोकला चिकटवला. २० जणांना ऐकवलं. १९ जण म्हणाले की काहीच गळलेलं नाही. उरलेल्या एकाने गळालेला म्हणून भलताच ध्वनी दाखवला. ऐकणाऱ्याने कापलेला ध्वनी स्वतःच भरून काढला होता, आणि भरून काढल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

मग जीभ घसरल्यावर ऐकणारा काय करत असेल? तेच. वर्षानुवर्षं सराव झालेला कान चुका पुसत चालतो. माझी लाल वही म्हणजे लोकांनी केलेल्या चुकांची यादी नव्हे, माझ्या कानाने पुसायच्या राहिलेल्या चुकांची यादी आहे. इंग्रजीच्या नोंदींवरून चूक साधारण हजार शब्दांत एखादीच होते असं सांगतात. हा आकडाही कुणाच्या तरी कानांनीच मोजलेला आहे.

मॅडमना कळवलं. उत्तर : ‘छान. आता वहीवर लिही : मोजणीसाठी वापरू नये.’ लिहिलं. चुकांचे प्रकार या वहीतून कळतील, प्रमाण कळणार नाही.

२१ जून

आज चुका नव्हेत, अडखळणं.

‘अगं ती दे ना, ती… ती काय ती… लांबचं बघायची… दुर्बीण!’

शब्द जिभेवर आहे पण येत नाही. या अवस्थेवर ब्राउन आणि मॅकनील यांनी १९६६ साली नेमका अभ्यास केला. विरळा शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द अडकला की विचारायचं : पहिलं अक्षर कोणतं, किती अवयवांचा (सिलॅबलांचा) शब्द आहे? लोकांना शब्द येत नव्हता, पण त्याचे तुकडे येत होते.

मराठीत यापुढची एक गोष्ट आपण रोज फुकट करतो आणि लक्षात घेत नाही. शब्द येण्याआधी आपण ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ म्हणतो. वरच्या वाक्यात ‘दुर्बीण’ यायच्या आधी ‘ती’ चार वेळा आली, आणि शेवटी ‘दुर्बीण’ स्त्रीलिंगीच निघाली. आवाज हाती लागलेला नाही, पण लिंग हाती आहे. इटालियन बोलणाऱ्यांवर विलिओक्को, अँतोनिनी आणि गॅरेट यांनी १९९७ साली हे तपासलं होतं. अडकलेल्या शब्दाचं लिंग लोक अंदाजापेक्षा कितीतरी बरोबर सांगत. लिंग आणि उच्चार वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत आणि आधी लिंगाचा कप्पा उघडतो, असं दिसतं.

सावध राहायला हवं. ‘ते’ मोजता येणार नाही, कारण काहीच सुचत नसलं तरी आपण ‘ते हे… ते आपलं’ म्हणतोच. ‘तो’ आणि ‘ती’ एवढेच पुराव्यात घ्यायचे. शिवाय वस्तू समोर दिसत असेल, तर बोलणाऱ्याने दुसराच एखादा शब्द मनात धरून लिंग ठरवलेलं असू शकतं. तीही नोंद करायची.

२४ जून

‘आपलं’ हा शब्द वहीत सारखा येतोय : ‘मी उद्या, आपलं, काल गेले होते.’ ‘डावीकडे वळ, आपलं, उजवीकडे.’ कोशात याचा अर्थ काही असो, बोलण्यात तो चूक मागे घेण्याचा शिक्का आहे. पुढे येणारा शब्द मागच्या शब्दाच्या जागी घ्या, असं तो ऐकणाऱ्याला सांगतो. विलेम लेव्हेल्टने १९८३ साली डच लोकांच्या अशा दुरुस्त्या गोळा करून दाखवलं होतं, की दुरुस्तीलाही रचना असते आणि बोलणारा स्वतःचं बोलणं ऐकत असतो.

काल-उद्या, डावं-उजवं, आत-बाहेर. चुकीच्या जागी येतो तो शब्द लांबचा नसतो, सख्खा शेजारी असतो. विरुद्धार्थी शब्दांइतके जवळचे शेजारी दुसरे नाहीत.

२ जुलै

निळ्या वहीला सुरुवात.

माणूस वाक्य संपेपर्यंत वाट पाहत नाही, हे आता जुनं झालं. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली डोक्यावर विद्युताग्र (इलेक्ट्रोड) लावून पाहिलं. वाक्यात अर्थाने न बसणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरींत ठरावीक बदल दिसतो. अर्थ लावणं शब्दागणिक चालू असतं. आल्टमन आणि कामिदे यांनी १९९९ साली चित्रं दाखवत वाक्यं ऐकवली, तर क्रियापद ऐकल्याबरोबर लोकांची नजर पुढे येणाऱ्या वस्तूकडे गेली. त्या वस्तूचं नाव अजून उच्चारलंही गेलं नव्हतं.

हे झालं इंग्रजीचं, जिथे क्रियापद लवकर येतं. मराठीत ते शेवटी येतं. मग मराठी माणूस शेवटपर्यंत हात बांधून बसतो का? जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, आणि कामिदे व सहकाऱ्यांनी २००३ साली जपानी ऐकणाऱ्यांबाबत दाखवलं की ते नामांच्या विभक्तिचिन्हांवरून पुढचा अंदाज बांधतात. क्रियापद नसेना, प्रत्यय आहेत.

संभाषणातही हेच असणार. स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जगभरच्या दहा भाषांत मोजलं, तर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. आणि चित्र पाहून एका शब्दात त्याचं नाव सांगायलाच माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हिशेब बसायचा तर उत्तर देणाऱ्याने समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर रचायला घेतलेलं असलं पाहिजे. मराठीत याचा अर्थ असा, की समोरच्याचं क्रियापद यायच्या आधी.

५ जुलै

वाक्य सापडलं!

मुलाने पत्र वाचणाऱ्या मुलीला बागेत हाक मारली.

एकेक शब्द झाकून वाचा. ‘मुलाने’ : कर्ता, पुढे भूतकाळ येणार. ‘पत्र’ : कर्म मिळालं, कर्मणी प्रयोग होणार, ‘वाचलं’ नाहीतर ‘लिहिलं’. मग येतं ‘वाच…’, अंदाज बरोबर! आणि त्याच शब्दाच्या शेपटीत ‘…णाऱ्या’. सगळं कोसळतं. पत्र मुलाचं नव्हतंच, ते पुढे येणाऱ्या कुणाचं तरी आहे.

इंग्रजीत अशा वाक्यांचा मूळपुरुष म्हणजे थॉमस बेव्हरने १९७० साली दिलेलं घोड्याचं वाक्य. ते वाचताना घोडा स्वतः पळाला असं वाटतं, आणि अगदी शेवटच्या शब्दावर कळतं की त्याला कुणीतरी पळवलं होतं आणि तो पडला. तिथे पायाखालची जमीन एक अख्खा शब्द सरकवतो. आमच्याकडे ते काम शब्दाच्या मध्यातून निघालेला एक प्रत्यय करतो.

८ जुलै

तुलनेचं वाक्य हवं, नाहीतर मोजलेल्या वेळेला अर्थ नाही. पहिला प्रयत्न : ‘मांजराने पत्र वाचणाऱ्या मुलीकडे पाहिलं.’ मांजर वाचत नाही, म्हणजे वाचक फसणार नाही. दिवसभर स्वतःवर खूश होते. संध्याकाळी लक्षात आलं, मांजर पत्र वाचत नसेल पण फाडतं. ‘मांजराने पत्र’ इथपर्यंत वाचक फसतोच, फक्त वेगळ्या क्रियापदाची वाट पाहत. रद्द.

९ जुलै

मार्ग निघाला. शब्द तेच, क्रम वेगळा :

अ) मुलाने पत्र वाचणाऱ्या मुलीला बागेत हाक मारली.
आ) बागेत पत्र वाचणाऱ्या मुलीला मुलाने हाक मारली.

दोन्हींत सात शब्द, तेच सात. मोक्याचा ‘वाचणाऱ्या’ दोन्हींत तिसरा, त्याच्या आधी ‘पत्र’, नंतर ‘मुलीला’. तिथवर फरक फक्त पहिल्या शब्दाचा. ‘आ’मध्येही वाचक थोडा फसेल (कर्ता गाळून आपण बोलतोच), पण ‘ने’ने बांधलेली खात्री तिथे नाही. फरक दिसला तर तो खऱ्या परिणामापेक्षा कमीच असेल. चालेल.

मॅडमनी मात्र मर्मावर बोट ठेवलं. ‘अ’मध्ये ‘मुलाने’ हा शब्द क्रियापदाविना लोंबकळत धरून ठेवावा लागतो. वेळ लागला तर तो फसल्यामुळे की ओझ्यामुळे? यावर उलटसुलट पुरावा आहे. मधे शब्द वाढले की ओझं वाढून क्रियापदावर वेग मंदावतो, असं एक मत. पण कोनिएच्नीला २०००मध्ये जर्मनमध्ये आणि वसिष्ठ व लुईस यांना २००६मध्ये हिंदीत उलटंच दिसलं : मधे माहिती वाढली तर क्रियापद लवकर वाचलं गेलं, जणू त्याची ओळख आधीच पटत गेली होती. म्हणून तिसरा प्रकारही घेते : ‘मुलाने रडणाऱ्या मुलीला बागेत हाक मारली.’ इथे ‘मुलाने’ तसाच लोंबकळतो, पण फसायला कर्मच नाही. शब्द वेगळा असल्याने थेट तुलना होणार नाही, पण पुढच्या ‘मुलीला’वर करता येईल.

१७ जुलै

आठवडा तांत्रिक झगड्यात गेला, म्हणून नोंदी नाहीत.

पद्धत जुनी आहे : मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि जॅकलिन वूली यांची, १९८२ची. पडद्यावर पूर्ण वाक्याच्या जागी रेघा दिसतात. कळ दाबली की पहिला शब्द उघडतो, पुन्हा दाबली की तो झाकला जातो आणि दुसरा उघडतो. दोन दाबांमधला वेळ म्हणजे त्या शब्दाचा वाचनवेळ.

प्रोग्राम रेघांची लांबी वर्णांच्या संख्येवरून काढत होता आणि ‘विद्यार्थ्याने’ या शब्दाला १४ रेघा देत होता. संगणकाच्या हिशेबात १४ बरोबर आहे : व, इकार, द, हलन्त, य, काना… वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र चारच अक्षरं दिसतात, वि-द्या-र्थ्या-ने. शब्द उघडला की रांग आक्रसायची, झाकला की फुगायची, वाक्य गोगलगाईसारखं सरकायचं. शेवटी रेघा मोजणंच सोडलं. शब्द पारदर्शक करून खाली त्याच्याच रुंदीची एक रेघ ओढली. दहा ओळींचं काम, चार दिवस लागले.

दुसरं, पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे १६–१७ मिलिसेकंदांपेक्षा बारीक काही दिसणार नाही. कीबोर्डचा विलंब सगळ्या प्रकारांत सारखाच, तो वजाबाकीत जाईल.

२० जुलै

वाक्यसंच २४, प्रत्येकात वरचे तीन प्रकार. प्रत्येक माणसाला एका संचातला एकच प्रकार दिसेल, आणि सगळी माणसं मिळून सगळे प्रकार पुरे होतील. मधे पेरायला ४८ साधी वाक्यं, नाहीतर चौथ्या-पाचव्या वाक्यातच लोक हुशार होतात.

२४ कशाला, हेच एक वाक्य शंभर जणांना द्या, असं घरी सुचवण्यात आलं. हर्बर्ट क्लार्कने १९७३ साली यावरच सगळ्यांचे कान धरले होते. माणसं जशी नमुना असतात, तशी वाक्यंही नमुनाच असतात. एका वाक्यावर शंभर माणसं तपासली तर त्या वाक्याबद्दल कळेल, मराठीबद्दल नाही.

२३ जुलै

संच लिहिताना गाळलेले शब्द. ‘जरा’ आणि ‘जग’ दोन्ही बाद. ‘जरा थांब’मधला ‘ज’ आणि ‘जरा-मरण’मधला ‘ज’ लिहायला एक, बोलायला दोन. ‘हे जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ तसंच. वाचक आधी कोणता उच्चार धरतो हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे, आणि फार मोहात पाडणारा. पण या प्रकल्पात तो गोंधळच घालेल.

ऱ्हस्व इकाराचे शब्दही मोक्याच्या जागी नकोत. तो लिहिला जातो व्यंजनाच्या आधी, उच्चारला जातो नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या कामात अशा शब्दांना जास्त वेळ लागलेला दिसतो. म्हणजे ‘लिहिणाऱ्या’ गेला. ‘वाचणाऱ्या’, ‘फाडणाऱ्या’, ‘शोधणाऱ्या’ राहिले.

१ ऑगस्ट

रंगीत तालीम. मी स्वतः निरुपयोगी, वाक्यं पाठ झालीत. ताईला बसवलं.

पहिल्या फेरीचे आकडे पाहिले तर सगळे शब्द जवळपास सारख्याच वेळात. ती टक-टक-टक अशा एका लयीत कळ दाबत होती, शब्द कोणताही असो. विचारलं तर म्हणाली, “मला वाटलं एकसारखं दाबायचं असतं.” सूचनांत तसं कुठेच नव्हतं, पण तसं करू नका असंही नव्हतं. सूचना बदलली : ‘शब्द समजल्यावरच पुढे जा. घाई नाही, ताल नाही.’

४ ऑगस्ट

दुसरी फेरी, ताईबरोबर आणखी एक मैत्रीण, दोघींना नवी वाक्यं. दोघींचंही ‘वाचणाऱ्या’वर काही खास दिसत नाही, पण त्याच्या पुढच्या ‘मुलीला’वर ‘अ’ प्रकारात थांबणं जाणवतं. धक्का एका शब्दावर बसतो आणि हाताला तो पुढच्या शब्दावर कळतो, हे या पद्धतीत नेहमीचं आहे. तेव्हा विश्लेषणात दोन्ही शब्द घ्यायचे, आणि ते आत्ताच लिहून ठेवायचं. सगळा डेटा हाती आल्यावर सोयीचा शब्द निवडला असं होता कामा नये. दोन माणसांवरून बाकी काहीही म्हणायचं नाही.

७ ऑगस्ट

मॅडमच्या २ जूनच्या प्रश्नाला आज उत्तरासारखं काहीतरी लिहून पाठवलं :

‘लाल वहीत नामं इकडची तिकडे जातात आणि प्रत्यय जागेवर राहतात, कारण बोलताना सांगाडा आधी उभा राहतो आणि प्रत्यय सांगाड्याचे असतात. निळ्या वहीत वाचणारा त्याच प्रत्ययांवरून उलटा सांगाडा उभारतो; “ने” दिसला की भूतकाळाचा, “पत्र” दिसलं की कर्मणीचा. वाचकाला फसवायचं तर नामाने फारसं साधत नाही, प्रत्ययच लागतो.’

त्यांचं उत्तर : ‘“ने” दिसला की भूतकाळच का? “मुलाने अभ्यास करावा” कुठे गेलं? आणि “चाकूने”?’ बरोबर. साधन दाखवणारा, करणार्थी ‘ने’ सजीव नामांना सहसा लागत नाही, त्यामुळे ‘मुलाने’वर तो अडथळा कमी. पण विध्यर्थ उरतोच. सुरुवातीची खात्री मी समजत होते तेवढी पक्की नाही. संचातलं प्रत्येक वाक्य ‘मुलाने पत्र…’ इथे तोडून काही जणांकडून पुरं करून घ्यायचं, म्हणजे लोक खरोखर काय अपेक्षितात ते कळेल. हे खरं तर आधीच करायला हवं होतं.

१२ ऑगस्ट

प्रत्येक वाक्यानंतर एक प्रश्न असतो, लोक लक्ष देतायत ना एवढं पाहायला. आतापर्यंत ते सोपे होते : ‘हाक कुठे मारली?’ आज सहज तालमीत एक नवा घातला : ‘पत्र कोण वाचत होतं?’

ताईने न अडखळता उत्तर दिलं, ‘मुलगा’.

वाक्य तिने पूर्ण वाचलं होतं. ‘मुलीला’वर ती थांबली होती, म्हणजे काहीतरी बिनसल्याचं तिला कळलं होतं. मुलीला हाक मारली गेली, हेही तिने बरोबर सांगितलं. तरी पत्र मुलाच्याच हातात राहिलं. ख्रिश्चनसन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली इंग्रजीत हेच पकडलं होतं : वाचक पुढची रचना दुरुस्त करतो, पण पहिल्यांदा लावलेला अर्थ पूर्णपणे पुसत नाही, आणि दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात. मी दोन महिने थांबण्याचे मिलिसेकंद मोजायच्या तयारीत होते. थांबल्यावर दुरुस्ती झाली का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

२४ संचांचे प्रश्न बदलायला घेतले. अर्ध्यांत ‘कोण वाचत होतं’ छापाचे, अर्ध्यांत पूर्वीचेच, नाहीतर प्रश्नांवरून वाक्याचा डाव उघडा पडेल.

१३ ऑगस्ट

ताईला तिची चूक दाखवली. ती वाद घालायला बसली : “अगं, वाक्यात सरळ आहे, मुलीने पत्र वाचणाऱ्या मुला… आपलं, मुलाने पत्र वाचणाऱ्या मुलीला…”

बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोवर लाल वही उघडली होती. नामं बदलली, ‘ने’ जागेवर राहिला, ‘आपलं’ने दुरुस्ती. ही नोंद मोजणीत धरायची नाही, कारण प्रकल्प काय आहे हे तिला माहीत आहे.

उरलेलं : नऊ संचांचे प्रश्न, वाक्यपूर्तीचा कागद, सूचनांची शेवटची प्रत.